रँचवरच्या आत्या-मावश्या

शेण रोज उचललं की गोठा साफ होतो. किश्शांचं तसं नसतं. ते कोणी उचलत नाही, म्हणून साचत जातात. आमच्या रँचवर गेल्या दुष्काळात तर शेण कमी आणि किस्से जास्त अशी अवस्था होती, कारण शेण पडायला आधी पोटात काहीतरी जावं लागतं.

इथं कानडी मुलखात, शहरातल्या नजरबादला, आमच्या नात्यात कुठलंही कार्य असो, पानावर कोशिंबीर पडायच्या आत कोणीतरी विचारतंच, "नलिनी, तुज्या त्या रँचचं काय ग नवीन?" आमच्या घराण्यात पूर्वी कापड रंगवायचे. मी दूध सोसायटीच्या हपिसात नोकरी केली आणि आता चक्क गायी सांभाळते, याचं सगळ्यांना अजून हसू येतं. हसू द्या. मी सांगते, आणि जेवणं लांबतात.

तर, शहराबाहेर पडून हिनकल मागे टाकून हुणसूर रस्त्याला लागलं की थोडं पुढे एक लाकडी कमान दिसते. तिच्यावर बैलाची कवटी. खरी नव्हे, फायबरची. ही आमची रँच. 'शेत' म्हटलं की मालकांना राग येतो. मालक वासुदेवराव, राहणार जयलक्ष्मीपुरम. उमेदीची सगळी वर्षं टेक्सासमध्ये कॉम्प्युटरवर काढली आणि निवृत्त होऊन आले ते डोक्यावर रुंद काठाची हॅट घालूनच. जमीन घेतली, हळ्ळीकर गायींचा कळप घेतला. हळ्ळीकर म्हणजे आमच्या भागातली करडी, लांब शिंगांची, नाकासमोर चालणारी जात. बैल एक नंबर, दूध मात्र मालकीणबाईंच्या सकाळच्या कॉफीपुरतं.

मालकांनी टेक्सासहून दोन गोष्टी मुद्दाम आणल्या. एक म्हणजे पितळेची घंटा. ती वाजली की गायींनी पाण्यावर यायचं. आणि दुसरं, पाणी पिण्यासाठी काळ्या रबराचे मोठाले टब, ज्यांत एक माणूस मांडी घालून आरामात बसेल. हे दोन्ही लक्षात ठेवा.

* * *

कमान बघून लोकांना वाटतं रिसॉर्ट आहे. रविवारी कोणी ना कोणी गाडी लावून आत येतंच. "मॅडम, रूम आहे का? स्विमिंग पूल?"

पूल नव्हता, तळं होतं. त्या वर्षी पावसानं दगा दिला, आणि मार्गशीर्षातच तळ्याच्या तळाला भेगा पडल्या. मालकांनी त्यावरही उपाय काढला: तळं लग्नाआधीच्या फोटोंसाठी द्यायचं. "वाळलेलं तळं छान दिसतं, नलिनी. लोक त्यासाठी राजस्थानला जातात."

एक जोडपं आलं. मुलगी लांब शेपटीच्या गाऊनमध्ये, मुलगा सुटात. फोटोग्राफरनं भेगा बघितल्या, खूश झाला. मग त्याची नजर गायींकडे गेली.

"मॅडम, या जरा बाजूला घ्याल का? फारच बारीक आहेत. फोटो सॅड येतोय."

मी म्हटलं, "मग तुम्ही जोडप्याला बाजूला घ्या. गायी इथं राहायला आहेत."

मालक माझ्यावर दिवसभर रागावले होते. पाहुण्यांशी असं बोलतात का म्हणून.

* * *

वासुदेवरावांचा चरण्याच्या रोटेशनवर फार विश्वास. सगळ्या माळाला विजेच्या तारेचे चौकोन पाडायचे, एका चौकोनातलं गवत संपायच्या आत गायींना पुढच्या चौकोनात न्यायचं, तोवर मागचं गवत पुन्हा उगवतं. पद्धत चांगली आहे, मी नाव ठेवत नाही. फक्त तिला गवत लागतं.

फाल्गुनात आमच्या प्रत्येक चौकोनात सारखीच माती होती. तरी ठरल्या दिवशी सिद्दप्पा, आमचा गुराखी, तार उघडायचा आणि गायी एका मातीतून दुसऱ्या मातीत जायच्या. मालक कडेला उभे राहून बघायचे.

"सिस्टिम परफेक्ट चाललीय," ते म्हणाले.

सिद्दप्पा म्हणाला, "हौदु सर, खरं आहे. गायींनाही सवय झाली. आता त्या खाली बघतच नाहीत."

* * *

खरी अडचण साधी होती. बोअरवेलला पाण्यापेक्षा हवा जास्त येत होती, आणि जेवढं पाणी आणि पेंढा होता तो अर्ध्या कळपालाच पुरण्यासारखा होता. कालव्याकाठी राहणारा बसवेगौडा अर्ध्या गायी न्यायला तयार होता. त्याच्याकडे हिरवा चारा होता. पाऊस येईपर्यंत सांभाळीन म्हणाला, होतील ती वासरं वाट्यानं. अट एवढीच की गायी स्वतःच्या पायांवर उभ्या असताना द्यायच्या आणि उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आत द्यायच्या, कारण त्याच्या गोठ्यावर इतरांचाही डोळा होता. बहुतेक गायी गाभण. उगादी चुकली तर पोटातली वासरं जाणार, मागून गायी जाणार. मी आणि आमचे जनावरांचे डॉक्टर कदम मालकांना हे रोज सांगत होतो. मालक रोज आकाशाकडे बघत होते.

मग त्यांनी ऑस्ट्रेलियातला एक तज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर बोलावला. तांबूस चेहऱ्याचा, हसरा माणूस. त्यानं आमचा माळ कॅमेऱ्यातून बघितला आणि इंग्रजीत सांगितलं की कळप निम्मा करा, आणि आजच करा.

"बघ नलिनी, किती क्लिअर थिंकिंग!" मालक म्हणाले. मी हेच दिवाळीपासून सांगत होते, पण मी नजरबादहून स्कूटरवर येऊन सांगत होते, त्यामुळे ते तितकंसं क्लिअर झालं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी लगेच विचारलं, "मग बसवेगौडाला लॉरी पाठवायला सांगू का?"

"छे छे. ते त्यांच्या गायींबद्दल बोलत होते. त्यांच्या गायींना नंबर असतात ग. आपल्या गायींना नावं आहेत."

* * *

सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. वासुदेवरावांनी गायींना घराण्यातल्या बायकांची नावं ठेवली होती. तुंगाआत्या, पद्मामावशी, कृष्णाकाकू. कळपातली सगळ्यात थोरली, सगळ्यांच्या पुढं चालणारी गाय म्हणजे वेणूबाई, हे त्यांच्या दिवंगत आईचं नाव. तिला ते सरळ 'अम्मा' म्हणत.

आता या कळपातून निवड कशी करायची? मी म्हटलं, तुंगाआत्यापासून सुरुवात करू.

"आत्याला? मी हायस्कूलमध्ये असताना रोज डबा द्यायची ती मला. चित्रान्ना, लिंबू पिळलेला पिवळा भात."

"कृष्णाकाकू?"

"काकूला मूल नव्हतं, नलिनी. शेवटपर्यंत आमच्यातच होती. तिला परक्याच्या दारात पाठवू?"

तेवढ्यात मालकीणबाई कॉफी घेऊन आल्या. सुधाक्का म्हणतात त्यांना सगळे. त्यांनी शांतपणे ट्रे ठेवला आणि म्हणाल्या, "सासूबाईंना आधी पाठवा. त्या गेल्या की बाकीच्या सुम्ने, मुकाट्यानं मागून जातील. त्यांच्या हयातीतही असंच होतं."

संध्याकाळी जाताना मालक गाडीत बसून एवढंच म्हणाले, "अम्मा स्वतःहून निघाली तर मी आडवा येणार नाही. पण माझ्या दावणीवरनं कोणाला ओढून न्यायचं नाही." मग काच वर केली.

* * *

डॉक्टर कदम लातूरकडचे. आमच्या भागात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. माणूस कामाचा, बोलायला स्वच्छ, पण आमच्या लोकांच्या चालीरीती त्यांना नवीन.

आमचा वळू म्हणजे 'दोरे'. कानडीत दोरे म्हणजे राजेसाहेब. मंगला नावाची एक कालवड माजावर आली तेव्हा मालक म्हणाले, दोरे आहेच की. डॉक्टरांनी हात आडवा केला.

"जमणार नाही साहेब. मंगलाची आई ही दोरेची सख्खी बहीण. म्हणजे तो हिचा मामा लागतो."

"सख्खा मामा?" सुधाक्कांनी विचारलं.

"हो ना, सख्खा."

"मग उत्तमच की. घरातलंच स्थळ. बघाबघीचं कामच नाही."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करतायत. मग ते समजावून सांगायला बसले, की रक्ताच्या इतक्या जवळच्या नात्यात जोड लावणं कसं धोक्याचं, कसे दोष उतरतात, माणसातसुद्धा कोणी करत नाही.

मी डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

"कोणी करत नाही कसं?" सुधाक्का म्हणाल्या. "हे माझे सख्खे मामा. माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमच्याकडं असंच चालत आलंय."

डॉक्टरांनी एकदा सुधाक्कांकडे बघितलं, एकदा वासुदेवरावांकडे. बिस्किट कपात पडलं ते त्यांनी तसंच राहू दिलं.

वासुदेवरावांनी मात्र शांतपणे विचारलं, "दोष म्हणजे काय येतो, डॉक्टर?"

डॉक्टरांना घाम फुटला. "तसं विशेष काही नाही. कधीकधी... वासरं जरा हट्टी निघतात."

"म्हणजे आमचा लेक श्रीकांत," सुधाक्का म्हणाल्या. "खरं आहे बाई. बाहेरचं स्थळ बघा मंगलाला."

* * *

बाहेरचं स्थळ आलं ते नायट्रोजनच्या डब्यातून, बारीक नळीत. कृत्रिम रेतन करायला माणूस आला तेव्हा सिद्दप्पा अचानक गायब झाला. शोधलं तर गोठ्याच्या मागे. त्यानं दोरेला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं आणि स्वतः त्याच्या डोळ्यांच्या बाजूला घोंगडी धरून उभा होता.

"हे काय?"

"दोरेंच्या डोळ्यांदेखत नको मॅडम. त्यांना बेजार होईल."

सिद्दप्पा दोरेविषयी बोलताना कायम अहो-जाहो करतो. मालकांना मात्र पाठीमागे 'आमचा म्हातारा' म्हणतो.

त्या दिवशी दोरेनं पेंढ्याला तोंड लावलं नाही. सिद्दप्पा सगळ्यांना सांगत सुटला, की राजेसाहेब अपमानानं जेवत नाहीत. डॉक्टरांनी येऊन पोट बघितलं. घोंगडी धरता धरता सिद्दप्पाचा डोळा लागला होता, आणि दोरेनं ती घोंगडी अर्धी खाल्ली होती.

* * *

उगादी जवळ आली आणि एका सकाळी पद्मामावशी बसली ती उठेना. गाभण गाय बसली म्हणजे काय, हे गायी पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी डॉक्टरांना फोन केला. मालकांनीही फोन केला, पण तो जयलक्ष्मीपुरममधल्या त्यांच्या फिजिओथेरपिस्टला.

डॉक्टर येईपर्यंत तो बिचारा तरुण पांढरेशुभ्र बूट घालून पोचला. मालकांनी फोनवर नुसतं 'मावशी' म्हटलं होतं. गोठ्यात मावशी बघून त्यानं आधी बूट शेणातून मागे घेतले. मग व्यवसायाला जागून म्हणाला, "वजन कमी करायला नको. पण रोज थोडं चालायला हवं."

"रोटेशनमध्ये चालते ना," मालक म्हणाले.

डॉक्टर कदम आले, त्यांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली, आम्ही चौघांनी पोटाखालून पोती घालून उचललं, आणि पद्मामावशी थरथरत उभी राहिली. मला रडू आलं, ते मी शिंकण्यात लपवलं. डॉक्टर हात धुवायला गेले तर नळाला पाणी नव्हतं. ते परत आले आणि तसल्याच हातांनी मालकांसमोर उभे राहिले.

"साहेब, आज कॅल्शियम कमी पडलं होतं. पुढच्या खेपेला चारा कमी पडलेला असेल. त्याची बाटली मिळत नाही."

वासुदेवराव फिजिओथेरपिस्टला म्हणाले, "तुम्ही कॉफी घेऊन जा."

* * *

आणि मग तो जप.

आमच्याकडे पाऊस लांबला की देवळात पर्जन्यजप करतात. पुरोहित पाण्यानं भरलेल्या मोठ्या हंड्यांत गळ्यापर्यंत बसून वरुणाचे मंत्र म्हणतात. वासुदेवरावांनी ठरवलं, हा जप रँचवर करायचा. बसवेगौडाची लॉरी त्याच सकाळी येणार होती. तो मुदतीचा शेवटचा दिवस होता. मालक म्हणाले, "लॉरी उभी राहू दे बाहेर. जप झाला की बघू. कदाचित परत पाठवावी लागेल."

शेषाचार्य आणि आणखी तिघे पुरोहित आले. चौघेही भरल्या अंगाचे. त्यांना मावतील एवढे हंडे शहरात कोणाकडे मिळेनात. सिद्दप्पानं डोकं लढवलं. त्यानं गायींचे पाण्याचे काळे टब घासूनपुसून, हळदकुंकू लावून मांडले. त्यांत पाण्याचा टँकर रिकामा केला. त्या दिवसभराचं गायींचं पाणी होतं ते. मी मालकांना तसं म्हटलंही.

"श्रद्धा ठेव, नलिनी. दुपारपर्यंत तळं भरेल."

मला इतका संताप आला की मी कमानीबाहेर जाऊन लॉरीच्या ड्रायव्हरशेजारी उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, मघाशी एक अम्मा येऊन गेल्या. मी नीट ऐकलं नाही.

मी परत आत आले, तर पुरोहित टबात उतरत होते. पाणी छातीपर्यंत आलं, मालकांनी हॅट काढून संकल्प सोडला. आता घंटा वाजवायची, तर पूजेची छोटी घंटा आचार्य घरीच विसरून आले होते. वासुदेवराव म्हणाले, थांबा, माझ्याकडे चांगली मोठी आहे. त्यांनी जाऊन टेक्सासची पितळी घंटा जोरजोरात वाजवली.

वर्षभर त्या घंटेचा एकच अर्थ होता.

माळावरून सगळा कळप आला. पळत नाही, पळायची ताकद नव्हती. पण थांबवण्यासारखाही नव्हता. पुढं वेणूबाई, मागे आत्या, काकू, आणि सगळ्यात शेवटी लटपटत पद्मामावशी. गायी नेहमीच्या टबांशी नेहमीसारख्या उभ्या राहिल्या आणि आत बसलेल्या ब्राह्मणांभोवतीनं पाणी प्यायला लागल्या.

जप मोडता येत नाही. त्यामुळे चौघेही डोळे मिटून म्हणत राहिले. शेषाचार्यांच्या टबात वेणूबाई होती. तिचं एक शिंग आचार्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेलं होतं. पाणी छातीवरून पोटावर आलं, पोटावरून मांडीवर. सिद्दप्पा काठी घेऊन धावला, तर मालकांनी त्याचा हात धरला.

"अम्मा आहे ती. पिऊ दे."

आचार्यांनी शेवटचा मंत्र म्हटला तेव्हा ते कोरड्या टबात ओल्या पंचानं बसलेले होते, आणि वेणूबाई टबाचा तळ चाटत होती. त्यांनी डोळे उघडले. आधी आकाशाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"राव," ते म्हणाले, "स्वल्प आणखी पाणी आणवा. यांचं अर्धंच झालंय."

आणखी नव्हतं. वासुदेवराव हॅटचा काठ बोटांनी फिरवत उभे राहिले. मोकळे टब बघून गायीही उभ्याच राहिल्या, आता पुढे काय म्हणून.

तेवढ्यात वारा कमानीकडून आला. वेणूबाईनं मान वर केली, नाक फेंदारलं, आणि कोणी हाकललं नसताना चालायला लागली. ड्रायव्हरनं लॉरीचा मागचा भाग बांधाच्या उताराला लावून ठेवला होता. फळी उघडी होती. आत उसाच्या हिरव्यागार वाढ्यांचा, शेंड्याकडच्या पाल्याचा, छातीएवढा ढीग होता. वेणूबाई बांध चढली आणि सरळ लॉरीत शिरली. मागून तुंगाआत्या, मागून कृष्णाकाकू. पद्मामावशीला आम्ही मागून थोडा आधार दिला, बाकी कोणाला हात लावावा लागला नाही. उरलेल्या गायींना सिद्दप्पानं दोरेपाशी थोपवून धरलं.

"लॉरीत चारा कोणी घातला?" वासुदेवरावांनी विचारलं.

बसवेगौडाच्या ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी सुधाक्कांकडे बघितलं. त्या आचार्यांना टबातून उठायला हात देत होत्या आणि त्यांच्या रेशमी पदराला उसाची पानं चिकटलेली होती.

फळी वर केली. लॉरी हलली. वासुदेवराव हॅट हातात घेऊन धुळीत चार पावलं तिच्यामागे गेले.

"अम्मा," ते म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जराही न हसता उत्तर दिलं, "आयतू सर, बरं. करायला लावतो."